दोनशे एकोणिसावं मत

मला दोनदा उलटं करून ठोकून पाहिलेलं आहे, मित्रांनो. एकदा माझ्या तळाखाली दुसरा तळ लपवलाय का ते बघायला, आणि एकदा माझ्या फटीतून दोन चिठ्ठ्या एकदम आत सरकतात का ते बघायला. ठोकणारी माणसं वाईट नव्हती. एकमेकांच्या मुलांच्या वाढदिवसाला जाणारी, विमानतळावर न्यायला-आणायला धावणारी माणसं होती. पण त्या दिवसांत कोणाचा कोणावर भरवसा उरला नव्हता. मी तर एक साधी लाकडी मतपेटी. माझ्यावर कोण भरवसा ठेवणार?

माझा जन्म ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी, मनोहरकाकांच्या गॅरेजमध्ये झाला. त्या वर्षी जवळच्या एका शाळेने व्यायामशाळेची जुनी लाकडी जमीन उखडली आणि फळ्या ज्याला हव्या त्याला घेऊन जायला सांगितलं. मेपलच्या त्या फळ्या मनोहरकाकांनी गाडीच्या टपावर बांधून आणल्या. माझ्या डाव्या अंगावर बास्केटबॉलच्या मैदानाची निळी रेघ अजून आहे. काका एका कारखान्यात इंजिनिअर होते. एकही खिळा न मारता, खाचेत खाच बसवून त्यांनी मला जोडलं. झाकणात बोटभर लांबीची फट पाडली आणि तिच्या कडा कागद अडकू नये म्हणून घासून गुळगुळीत केल्या. मग दोन कुलपं लावली. एक किल्ली मंडळाच्या अध्यक्षांकडे, दुसरी निवडणूक अधिकाऱ्याकडे. दोघं एकत्र आल्याशिवाय मी उघडायचं नाही, असा नियम होता.

त्यांच्या पत्नी प्रतिमाकाकू दारात उभ्या राहून हसल्या होत्या. "अहो, चाळीस माणसांचं मंडळ आपलं. एवढी मोठी पेटी?"

"आज चाळीस आहेत," काका म्हणाले होते.

सायोटो नदीकाठच्या गावांमधल्या मराठी माणसांचं ते मंडळ. त्याचं नावही सायोटो मराठी मंडळ. चाळिसाची शंभर माणसं झाली, शंभराची तीनशे. दर दोन वर्षांनी मला पुसून टेबलावर ठेवत. मी अध्यक्ष निवडले, नाटकं निवडली, एकदा तर सहलीला तळ्याकाठी जायचं की गुहा बघायला, हेही ठरवलं. माणसं कागदाची घडी घालून आत टाकत आणि मग सगळे मिळून जेवायला बसत. हरलेला माणूस जिंकलेल्याला श्रीखंड वाढत असे. ते दिवस मला फार आवडायचे.

पुढे फोनवरून मत द्यायची सोय झाली. मला मखराचे खांब, सतरंज्या आणि कागदी कंदील यांच्याबरोबर भाड्याच्या एका गोदामात ठेवण्यात आलं. सात वर्षं मी तिथे अंधारात होते. माझ्या फटीत एका कोळ्याने घर केलं. मला वाईट वाटलं, पण राग आला नाही. मला वाटायचं, ज्या माणसांना मतं मोजायला पेटीसुद्धा लागत नाही, त्यांचा एकमेकांवर केवढा विश्वास असेल!

मला बाहेर काढलं, तेव्हा माझा हा भ्रम गेला.

झालं असं होतं. आमचं मंडळ एका मोठ्या संघटनेत सामील होतं. तिचं नाव सप्तखंड महासंघ, कचेरी लंडनमध्ये. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आखाती देश, सिंगापूर अशा ठिकाणची मराठी मंडळं त्यात होती आणि महासंघाचे नियम सगळ्यांना लागू होत. त्यातल्या दोन नियमांवरून आमच्याकडे पेटलं.

पहिला नियम असा की, ज्या माणसाकडे त्या देशात कायम राहायचा परवाना नाही, त्याला मंडळाच्या समितीत बसता येणार नाही. आमच्याकडे कामाच्या व्हिसावर आलेले खूप जण होते. निमिष त्यांच्यातला. पुण्याहून येऊन त्याला अकरा वर्षं झाली होती. गणपतीच्या आदल्या दिवशी सकाळपासून मंडप बांधायला तो असायचा, खुर्च्या परत गाडीत भरायला तो असायचा. पण ग्रीन कार्डाच्या रांगेत त्याचा नंबर आला नव्हता, म्हणून त्याचं नाव समितीच्या यादीत कधीच लागलं नाही. तो म्हणायचा, "इथल्या सरकारच्या रांगेत उभा राहतो, ते समजू शकतो. पण आपल्याच लोकांच्या दारात पण रांग? कोणीतरी लंडनमध्ये बसून ठरवणार, मी इथे काय करायचं ते?" मंडळाने महासंघातून बाहेर पडावं, अशी चळवळ त्याने सुरू केली.

दुसरा नियम असा की, चौदा एप्रिलची आंबेडकर जयंती प्रत्येक मंडळाने आपला अधिकृत कार्यक्रम म्हणून साजरी करायची. हा नियम महासंघात यावा म्हणून नागपूरच्या संघमित्रा मेश्राम यांनी सहा वर्षं पत्रं लिहिली होती. त्या औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट आहेत. बारीक अक्षरं वाचायची त्यांना सवय आहे. बाहेर पडायची भाषा सुरू झाल्याबरोबर त्यांच्या मनात पाल चुकचुकली. हे लोक नेमके कुठल्या नियमातून बाहेर पडायला निघालेत? पहिल्या की दुसऱ्या?

निमिष शपथेवर सांगायचा, पहिल्या. पण त्याच्या मागे उभ्या असलेल्या सगळ्यांच्या मनातलं तोही सांगू शकत नव्हता.

महासंघात राहावं असं म्हणणाऱ्यांचा पुढारी होता देवांग. बोलायला गोड आणि हिशेबात पक्का. कोण कुठल्या बाजूला आहे याची यादी त्याने केली होती. निमिषनेही केली होती. किराणा दुकानात दोन बायका बोलत असल्या आणि तिसरी आली की बोलणं भाज्यांच्या भावावर यायचं. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपचे तीन ग्रुप झाले. शेवटी प्रश्न आला की मतदान कसं घ्यायचं. फोनवरून? लिंक कोण बनवणार? तो दुसऱ्या बाजूचा माणूस असेल तर? तेव्हा कुणाला तरी माझी आठवण झाली.

अशी मी परत आले, मित्रांनो. प्रेमामुळे नाही, संशयामुळे.

निवडणूक अधिकारी कोण, यावरही तीन बैठका झाल्या. शेवटी संघमित्राताईंचं नाव दोन्ही बाजूंनी मान्य केलं. बाहेरवाल्यांना वाटलं, बाई कडक आहे, गडबड होऊ देणार नाही. राहणाऱ्यांना वाटलं, बाई आपली आहे. त्यांना स्वतःला काय वाटलं, हे कोणी विचारलं नाही.

ऑक्टोबरच्या एका रविवारी, गावाच्या कम्युनिटी सेंटरमधल्या हॉलमध्ये मतदान झालं. पुढच्या दाराशी एक टेबल होतं. तिथे यादीत आपल्या नावापुढे सही करायची, मग संघमित्राताईंकडून चिठ्ठी घ्यायची, पडद्यामागे जाऊन खूण करायची आणि माझ्यात टाकायची. दुपारी बारापासून चारपर्यंत हात येत राहिले. मेंदी लावलेले हात, थरथरणारे हात, एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात चिठ्ठी असे हात. मला लिहिलेलं दिसत नाही, मित्रांनो. चिठ्ठी घडी होऊनच येते. पण एक मला नक्की कळतं, एका वेळी किती कागद आत पडले. त्या दिवशी प्रत्येक हाताने एकच कागद टाकला. हे मी तेव्हाही सांगितलं असतं, पण मला तोंड नाही, फक्त फट आहे.

साडेतीनच्या सुमाराला हॉलच्या मागच्या दारातून एक चाकांची खुर्ची आत आली. खुर्चीत मनोहरकाका होते. दीड वर्षापूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता. वाचा गेली, उजवा हात गेला, डोकं मात्र शाबूत होतं. पुढच्या दाराला पायऱ्या होत्या, म्हणून प्रतिमाकाकूंनी त्यांना मागच्या उतारावरून आणलं. काकांना बघून सगळा हॉल धावला. "काका आले, काका आले!" कोणी पाया पडलं, कोणी मिठी मारली. त्या पाच मिनिटांत कोणी कुठल्या बाजूचं राहिलं नाही. संघमित्राताईंनी स्वतः उठून त्यांच्या मांडीवर चिठ्ठी ठेवली, वहीचा आधार दिला आणि पाठ फिरवून उभ्या राहिल्या. काकांनी डाव्या हाताने खूण केली, घडी घातली आणि मला शोधत हात पुढे आणला. तो हात मी लगेच ओळखला. माझ्या फटीच्या कडा त्यानेच तर घासल्या होत्या. फोटो निघाले. टाळ्या वाजल्या. मग काका दमले म्हणून काकूंनी खुर्ची तशीच मागच्या दाराकडे वळवली.

पाच वाजता दोन्ही किल्ल्या लागल्या. चिठ्ठ्या टेबलावर ओतल्या गेल्या. बाहेर पडावं, एकशे दहा. राहावं, एकशे नऊ.

एका मताने मंडळ बाहेर पडलं होतं.

निमिषच्या लोकांनी जल्लोष केला. देवांग मात्र सह्यांची यादी पुढे ओढून मोजत बसला. एकदा मोजलं, दुसऱ्यांदा मोजलं. मग उभा राहून म्हणाला, "सह्या दोनशे अठरा आहेत. चिठ्ठ्या दोनशे एकोणीस. एक चिठ्ठी कुठून आली?"

 हिशेब सगळ्यांना लगेच कळला. ती जास्तीची चिठ्ठी 'बाहेर'ची असेल, तर खरा निकाल एकशे नऊ विरुद्ध एकशे नऊ. बरोबरी झाली तर आहे तसंच राहायचं, असं आधीच ठरलं होतं. म्हणजे एका चिठ्ठीवर सगळंच उलटत होतं.

"म्हणजे आम्ही चोरी केली?" निमिष पुढे आला. "चिठ्ठ्या कोणाच्या ताब्यात होत्या? टेबलावर कोण बसलं होतं? जास्तीचं मत 'राहा'चं पण असू शकतं ना? टाकणाऱ्याला तेवढ्याने पुरलं नाही, एवढंच!"

त्याने नाव घेतलं नाही. पण सगळ्यांच्या माना संघमित्राताईंकडे वळल्या. त्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे रबरबँडने बांधत होत्या. एक रबरबँड तुटून टेबलावर उडाला. त्यांनी तो उचलला आणि म्हणाल्या, "मी माझं एक मत टाकलं. सही केली. यापलीकडे मला काही सांगता येत नाही."

तेव्हाच मला पहिल्यांदा उलटं करून ठोकलं.

पुढचा आठवडा वाईट गेला. रविवारी पुन्हा सभा भरली आणि मला दुसऱ्यांदा उलटं करून ठोकलं. संघमित्राताईंची मुलगी उपासना कॉलेजात संख्याशास्त्र शिकते. ती ब्रिटनच्या सार्वमतावर प्रकल्प करत होती. तुम्हाला ठाऊक असेल, ब्रिटनने दोन हजार सोळा साली युरोपीय संघातून बाहेर पडायचं का, यावर देशभर मतदान घेतलं होतं. शंभरातल्या जवळजवळ बावन्न जणांनी बाहेर पडावं म्हटलं, अठ्ठेचाळीस जणांनी राहावं म्हटलं. तिथे म्हातारी माणसं बहुतेक बाहेरच्या बाजूने गेली आणि तरुण राहण्याच्या बाजूने. लंडन राहायचं म्हणालं, कितीतरी लहान गावं बाहेर म्हणाली. उपासनाने आमच्याही मतदानाच्या दिवशी दाराशी एक निनावी फॉर्म ठेवला होता. वय किती, अमेरिकेत येऊन किती वर्षं झाली, मत कशाला दिलं, एवढेच प्रश्न. दोन्ही बाजूंनी आग्रह धरला की तिचे तक्ते दाखवा, म्हणजे काय ते बाहेर येईल.

तिने पडद्यावर तक्ते लावले. आमच्याकडे ब्रिटनच्या उलट चित्र होतं. वीस वर्षांहून जुनी माणसं, ज्यांनी महासंघ उभा केला, त्यांच्यातले चारातले तीन राहायचं म्हणाले होते. व्हिसावरच्या नव्या माणसांतले चारातले तीन बाहेर म्हणाले होते.

पडद्याकडे फार वेळ कोणी बघितलं नाही. माणसं मागे वळून एकमेकांकडे बघू लागली. हा जुना, म्हणजे हा तिकडचा. ही नवी, म्हणजे ही इकडची. एक काका शेजारच्या मुलाला म्हणाले, "म्हणजे तू आमच्या विरुद्ध होतास तर!" तो मुलगा बिचारा पाणी पीत होता. त्याला ठसका लागला.

"नो, नो, प्लीज!" उपासना माइकमध्ये म्हणाली. "काका, धिस इज नॉट अबाउट एनी वन पर्सन. चारातले तीन म्हणजे चौथा आहे ना? तो चौथा कोण, हे ग्राफ सांगत नाही. ग्राफला माहीतच नाही."

मागून कोणीतरी म्हणालं, "आडनावाचा प्रश्न पण टाकायचास फॉर्ममध्ये. सगळं कळलं असतं."

ते कोण बोललं, हे कळलं नाही. कोणी हसलं नाही, पण कोणी रागावलंही नाही. उपासनाने माइक खाली ठेवला. संघमित्राताई माझ्याजवळ बसल्या होत्या. त्यांचा तळहात माझ्या झाकणावर होता. तो इतका दाबला गेला की मला वाटलं, माझी खाच सुटेल.

त्या सभेत फेरमतदान ठरलं. पुढच्याच्या पुढच्या रविवारी. तोवर मला चिकटपट्टी लावून, तिच्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊन, मनोहरकाकांच्या घरी ठेवायचं ठरलं. काका आजारी आहेत, त्यांना यात कोणी ओढू नये, म्हणून त्यांना भांडणाबद्दल काही सांगायचं नाही असंही ठरलं. मला बैठकीच्या खोलीत, खिडकीशेजारच्या कपाटावर ठेवलं. काका चाकांच्या खुर्चीतून माझ्याकडे बघत. मी त्यांच्याकडे बघे. दोघांनाही बोलता येत नव्हतं, आणि उत्तर आम्हा दोघांकडेच होतं.

दहा दिवस गेले. गुरुवारी दुपारी चिकटपट्टी शाबूत आहे का ते तपासायला संघमित्राताई आणि देवांग आले. निमिषला ऑफिसातून निघता आलं नाही, त्याने फोनवर फोटो मागितला. प्रतिमाकाकूंनी चहा आणि चकल्या ठेवल्या. पट्टी नीट होती. देवांग खुशीत होता.

"ताई, टेन्शन घेऊ नका," तो म्हणाला. "मी सगळ्यांना फोन केलेत. मागच्या वेळी क्लीव्हलँडला गेलेल्या चार फॅमिलीज या वेळी येतायत. आपण आरामात जिंकतो."

संघमित्राताई ऐकत नव्हत्या. त्यांची नजर भिंतीवर होती. काकूंनी तिथे एक नवा फोटो लावला होता. मनोहरकाका मला चिठ्ठी देताना. मागे हसणारी गर्दी. फोटोच्या कोपऱ्यात मागचं दार उघडं दिसत होतं आणि दारापर्यंत ओल्या चाकांच्या दोन रेघा होत्या.

ताई उठून फोटोजवळ गेल्या. त्या रेघांवरून त्यांनी बोट फिरवलं.

"काकू," त्या म्हणाल्या, "तुम्ही मागच्या दाराने आलात?"

"हो गं. पुढे पायऱ्या ना."

"आणि गेलातही मागच्याच दाराने?"

"हो. हे दमले होते. का गं?"

"सहीचं टेबल पुढच्या दाराशी होतं. काकांनी सही केव्हा केली?"

काकूंनी किटली खाली ठेवली. "सही? अगं बाई. माझी मी बाराच्या ठोक्यालाच येऊन केली होती, मत देऊन गेले होते. यांची... यांना तर तूच चिठ्ठी दिलीस. सगळे पाया पडत होते. सहीचं कोणी म्हटलंच नाही."

ताई वळल्या आणि काकांच्या खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसल्या. "काका, तुम्ही सही केली नव्हती ना?"

काकांनी मान हलवली. नाही. मग डावा हात उचलून त्यांनी ताईंच्या डोक्यावर ठेवला. त्यांना वाटलं, पोरीची काहीतरी चूक झाली आणि ती माफी मागतेय. आणि खरंच तसं होतं.

देवांगने चहाचा कप खाली ठेवला. "ताई, एक मिनिट. हे आत्ता कुणाला सांगू नका."

"का?"

"का काय! काकांचं मत खरं आहे, म्हणजे दोनशे एकोणीस चिठ्ठ्या बरोबर आहेत. म्हणजे एकशे दहा-एकशे नऊ हाच निकाल पक्का. फेरमतदान कॅन्सल होईल. आपण हरू. तीन दिवस गप्प बसायचंय फक्त. खोटं बोलू नका, फक्त बोलू नका."

"आणि माझ्यावर जो संशय आहे, तो?"

"जिंकल्यावर कोण विचारतंय! आणि यार ताई, तुमच्या जयंतीचं काय? बाहेर पडलो तर नियम गेला. सहा वर्षं पत्रं लिहिलीत तुम्ही."

 ताई खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. अंगणात पानं पडत होती आणि शेजारचा माणूस ती यंत्राने उडवत होता. ते यंत्र थांबलं, तेव्हा त्या वळल्या.

"देवांग," त्या म्हणाल्या, "माझं मत कशाला होतं, ते मी तुलाही सांगणार नाही. पण भीती वाटते, हे खरं. झोप लागत नाही. चौदा एप्रिलला हॉलच्या दाराला कुलूप असेल, असं वाटतं. पण ज्या नियमासाठी मी एवढं भांडले, तो असा लपवाछपवी करून टिकवायचा? मग तो दिवस साजरा करताना मी पोरीला काय सांगू?"

"तुम्ही फार आदर्शवादी बोलता."

"नाही रे. चूक माझी आहे. चिठ्ठी मी दिली. सही मी घ्यायला हवी होती. लोक मला चोर म्हणतात, ते खोटं आहे. विसराळू म्हटलं तर खरं असेल. मला तेवढं चालेल."

रविवारी हॉल खच्चून भरला. माणसं फेरमतदानाला आली होती. संघमित्राताईंनी तो फोटो पडद्यावर लावला आणि घडलं तसं सांगितलं. "काकांची सही घ्यायची राहिली. चूक निवडणूक अधिकाऱ्याची, म्हणजे माझी. कोणीही जास्तीचं मत टाकलेलं नाही. निकाल एकशे दहा विरुद्ध एकशे नऊ. तो बरोबर आहे. फेरमतदानाची गरज नाही." प्रतिमाकाकूंनी उभं राहून दुजोरा दिला. काकांनी सगळ्यांसमोर यादीत आपल्या नावापुढे डाव्या हाताने सही केली. ती वाकडीतिकडी सही करायला त्यांना दोन मिनिटं लागली.

मला वाटलं होतं, आता सगळे एकमेकांना मिठ्या मारतील. तसं झालं नाही, मित्रांनो. देवांगचे लोक ताईंकडे न बघता निघून गेले. दोन कुटुंबं त्यानंतर मंडळात परत आलीच नाहीत. एक बाई दारात म्हणाल्या, "फोटो बरोबर वेळेवर सापडला!" संशयाला एकदा सवय लागली की पुरावासुद्धा त्याला संशयास्पद वाटतो.

निमिष मात्र थांबला होता. ताई मला उचलायला वाकल्या, तर त्याने आधीच मला उचललं. गाडीपर्यंत नेलं. मग म्हणाला, "तुम्ही गप्प बसला असतात तर आम्ही हरलो असतो."

"माहीत आहे."

"मी त्या दिवशी टेबलाबद्दल जे बोललो..." त्याने मला डिकीत ठेवलं. "मला माहीत होतं तुम्ही तसं करणार नाही. तरी बोललो. मला जिंकायचं होतं."

"मागून आडनावाचं कोण बोललं, ते तू होतास?"

"नाही. पण मी ऐकलं होतं. आणि गप्प बसलो."

ताईंनी गाडीची डिकी बंद केली. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. "ठीक आहे," एवढंच म्हणाल्या.

नव्या वर्षापासून मंडळ महासंघाबाहेर पडलं. परवान्याची अट गेली आणि निमिष अध्यक्ष झाला. जयंतीचा नियमही गेला. मार्चमध्ये सर्वसाधारण सभा भरली, वर्षाचे कार्यक्रम ठरवायला. निमिषने स्वतःच विषय काढला. "चौदा एप्रिल आपला कार्यक्रम म्हणून करावा, असं मी मांडतो. ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा."

पटापट हात वर येऊ लागले. माणसं इकडेतिकडे बघत होती, शेजाऱ्याने केला की आपणही करत होती.

"थांबा," संघमित्राताई उठल्या. "हात नकोत. पेटी आणा."

"ताई, सगळे हो म्हणतायत," निमिष कळवळून म्हणाला. "कशाला रिस्क घेता?"

"या गोष्टीवर मत मागावं लागतं, याचं मला वाईट वाटतंच. पण मागायचंच असेल, तर लाजेखातर वर गेलेले हात मला नकोत. मला खरं काय ते बघायचंय."

मला आणलं. सह्यांचं टेबल या वेळी दोन्ही दारांशी होतं. घड्या आत पडत गेल्या. मला भीती वाटत होती. लाकडाला भीती वाटते का, असं तुम्ही विचाराल. मला वाटत होती, एवढं खरं. दोन्ही किल्ल्या फिरल्या. उपासनाने मोजलं, निमिषने पुन्हा मोजलं. सह्या एकशे बासष्ट, चिठ्ठ्या एकशे बासष्ट.

जयंती करावी, एकशे त्रेचाळीस. करू नये, एकोणीस.

टाळ्यांचा आवाज झाला. देवांग त्या दिवशी पहिल्यांदाच परत आला होता. तो ताईंजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "एकोणीस! कोण असतील, मला अंदाज आहे. सांगू?"

ताई चिठ्ठ्या परत माझ्यात भरत होत्या.

"नको," त्या म्हणाल्या. "चौदा तारखेला मला सगळ्यांना जेवायला वाढायचंय. वाढताना माझा हात अडखळायला नको."

आणि त्यांनी वाढलं. हॉल भरला होता, भात दोनदा लावावा लागला. त्या एकोणिसांतले किती जण पंगतीत होते, हे मला ठाऊक नाही. ताईंनाही ठाऊक नाही. पण कोणाच्या ताटात कमी पडलं नाही, हे मी कोपऱ्यातून पाहिलं.

मित्रांनो, माझी निगा राखायची तर मला तेलपाणी नको, मखमली आवरण नको. कोरड्या जागी ठेवा, दोन्ही किल्ल्या वेगवेगळ्या माणसांकडे द्या, आणि सही घ्यायला विसरू नका. पण याहून एक अवघड काम आहे. तुमच्यापैकी कोणी घडी घातलेला कागद घेऊन माझ्याजवळ येईल, तेव्हा बाकीच्यांनी आपला चेहरा खिडकीकडे वळवा. आणि तो माणूस परत जाऊन बसला की त्याच्याकडे आधी बघत होता, तसंच बघा.